कडा एकदाच चढायचा : कॉट्सवोल्डमधली सत्तर किलोमीटरची सायकलफेरी

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड या डोंगराळ मुलखाचा नकाशा पहिल्यांदा उघडाल तेव्हा सह्याद्री आठवा. पश्चिमेला तुटलेला कडा, कड्याखाली सखल मुलूख, वर माथ्याची पट्टी आणि तिथून पूर्वेकडे सावकाश उतरत गेलेलं पठार. नद्यांची तऱ्हाही तीच. विंडरश नदी कड्यापासून जेमतेम काही किलोमीटरवर उगम पावते, पण पश्चिमेला न जाता कड्याकडे पाठ करून निघते आणि पार टेम्सला जाऊन मिळते. भीमा काय वेगळं करते? फरक आहे तो उंचीचा आणि दगडाचा. इथलं सर्वात उंच ठिकाण, क्लीव्ह हिल, ३३० मीटरचं. दगड काळा बेसाल्ट नाही, ज्युरासिक काळातला मधाच्या रंगाचा चुनखडक आहे आणि घरं, देवळं, कुंपणं सगळी त्याच दगडाची.

३३० मीटर हा आकडा वाचून आपल्याकडच्या सायकलस्वाराला वाटतं, यात काय मोठं? सिंहगड चढलेल्या माणसाला ही टेकाडंच. मीही तसाच गेलो होतो. फोनने काढून दिलेला जवळचा रस्ता धरला आणि दुपारपर्यंत पायांतलं त्राण गेलं. कारण संध्याकाळी नकाशा पसरून पाहिल्यावर कळलं: त्या रस्त्याने मला एकामागून एक दऱ्या आडव्या ओलांडायला लावल्या होत्या. प्रत्येक दरी साठ-सत्तर मीटर खोल, उतार दोन मिनिटांचा आणि समोरचा चढ दहा मिनिटांचा. घाट एकरकमी मागतो. हा मुलूख हप्त्याहप्त्याने वसूल करतो आणि बेरीज घाटापेक्षा मोठी निघते.

म्हणून या लेखात फेरी सांगतो, पण ती अशीच का आखली हेही सांगतो. ते समजलं की पुढच्या फेऱ्या तुमच्या तुम्हालाच आखता येतील. तीन गोष्टी धरून ठेवायच्या. कडा दिवसातून एकदाच चढायचा. दऱ्या शक्यतो तोडायच्या नाहीत, नदीच्या बाजूबाजूने जायचं. आणि वारा परतीच्या वाटेवर पाठीशी हवा.

रस्ता आखताना

फोनवरचं ॲप हाताशी असू द्या, पण आखणी कागदी नकाशावर करा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला ओएल ४५ हा कॉट्सवोल्डचा नकाशा घ्या. प्रमाण १:२५,०००. त्यावर पिवळ्या रंगाने काढलेले बारीक रस्ते म्हणजे आपले रस्ते. डांबरी, अरुंद, गाड्या तुरळक. न रंगवलेले पांढरे रस्ते खाजगी किंवा कच्चे असू शकतात, रोड बाइक घेऊन तिकडे वळू नका. रस्त्यावर एक बाण काढलेला दिसला तर चढ १४ ते २० टक्के, दोन बाण दिसले तर २० टक्क्यांच्या वर. बाणाचं टोक उताराच्या दिशेला असतं. म्हणजे बाणाच्या विरुद्ध जाणार असाल तर चढायचं आहे. मी बोटाने सगळा रस्ता गिरवतो आणि निळी रेघ जिथे जिथे ओलांडली जाते तिथे पेन्सिलीने टिंब करतो. टिंब म्हणजे ओढा, आणि ओढा ओलांडला की चढ आलाच. दोन रस्त्यांपैकी ज्यावर टिंबं कमी तो घ्यायचा, दोन-तीन किलोमीटर जास्त पडले तरी.

काय टाळायचं तेही नकाशावरच ठरवून टाका. ए ४२९ हा स्टो आणि मॉर्टन या फेरीतल्या दोन गावांमधून सरळ जाणारा रस्ता दिसायला मोह पाडतो. हा मुळात फॉस वे, एक्सेटरपासून लिंकनपर्यंत गेलेला रोमन रस्ता. रोमनांनी तो सरळ आखला आणि आज त्यावरून ट्रक त्याच सरळपणाने जातात. ए ४४ आणि ए ४२४ यांचंही तेच. हे रस्ते ओलांडायचे, त्यांच्यावरून जायचं नाही.

सायकल

सायकलचं म्हणाल तर गिअर सगळ्यात आधी. पुढे पेडलपाशी ५०-३४ दातांची कॉम्पॅक्ट चेनरिंग आणि मागे कॅसेटवर, म्हणजे दातेरी चक्रांच्या संचात, निदान ३२ दातांचं मोठं चक्र, ३४ असेल तर फारच उत्तम. ३४ ला ३२ लावलं की पायाची एक फेरी म्हणजे चाकाचीही जवळपास एकच फेरी. बोपदेव घाटात याच्याशिवाय निभावलं असेल, कारण तिथे चढ एकसारखा असतो आणि लय सापडते. इथे वळणानंतर अचानक १५ टक्के समोर येतात, लय सापडण्याआधी चढ संपतो आणि पुन्हा उतार. गिअर चढाच्या पायथ्याशी, वेग असतानाच हलका करा. मध्यावर पोचून, दात ओठ खाऊन गिअर बदलायला गेलात तर चेन उतरते, आणि त्या चढावर पुन्हा सायकलवर बसणं हे वेगळंच संकट.

टायर २८ मिलिमीटर, बसत असतील तर ३२. गल्ल्यांमधला डांबर खडबडीत असतो, मधोमध गवताची किंवा मातीची पट्टी असते. हवा अगदी टणक भरू नका. पंक्चरचं मात्र मनावर घ्या. शरद ऋतूपासून शेतकरी यंत्राने कुंपणाची झाडं छाटतात आणि हॉथॉर्नचे, ब्लॅकथॉर्नचे काटे रस्त्यावर सांडतात. वडाखाली पाण्याची परात घेऊन बसलेला पंक्चरवाला इथे कुठेही नाही. दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप आणि मल्टिटूल हे सोबत हवंच, आणि मागचं चाक घरी एकदा तरी स्वतः काढून बसवलेलं हवं. दऱ्यांमध्ये फोनची रेंज जाते, त्यामुळे कुणाला बोलावू हा पर्याय धरून चालू नका. नकाशाही फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

ब्रेक पॅड निघण्याआधी पाहा. इथे उतारांवर कमावलेला वेग वळणावर ओला रस्ता, शेण किंवा उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर यांच्यासाठी सोडून द्यावा लागतो.

कधी जायचं, कसं पोचायचं

मे ते सप्टेंबर हा सोपा काळ. जूनअखेर रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नाही. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सावलीतल्या गल्लीत सकाळचं बर्फ दुपारीही निघत नाही. पारा तीन अंशांखाली असेल तर मी जात नाही. काळा दिसणारा ओला रस्ता आणि काळं दिसणारं बर्फ यातला फरक पडल्यावरच कळतो. उन्हाळ्यातही माथ्यावर वारा बोचतो, म्हणून बिनबाह्यांचं पातळ जाकीट मागच्या खिशात असावं. चढताना उघडायचं, उतरताना बंद करायचं. पाऊस आपल्यासारखा धो-धो नसतो, पण बारीक आणि चिवट असतो.

वार लक्षात घ्या. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी बोर्टन-ऑन-द-वॉटर आणि ब्रॉडवे ही गावं गाड्यांनी भरून जातात. मॉर्टनचा बाजार मंगळवारी भरतो, तेव्हा मुख्य रस्त्यावर सायकल ढकलायलाही जागा नसते. मला विचाराल तर बुधवार किंवा गुरुवार, रजा टाकून.

फेरीची सुरुवात आणि शेवट मॉर्टन-इन-मार्श स्टेशनवर. लंडन पॅडिंग्टनहून थेट गाडी आहे, दीड तासाच्या आसपास लागतो. रेडिंगलाही ती थांबते, म्हणजे स्लाव आणि रेडिंगच्या आपल्या मंडळींना लंडनला जायची गरज नाही. स्लावकरांनी रेडिंगला गाडी बदलायची. सायकलची जागा तिकिटासोबत राखून ठेवा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. या गाड्यांत सायकल पुढच्या चाकाने हुकला उभी टांगावी लागते आणि एका पाच डब्यांच्या गाडीत मोजक्याच जागा असतात. रुंद हँडल आणि मोठे मडगार्ड असले तर ती टांगताना कसरत होते. बाटल्या, बॅग, हवेचा पंप आधीच काढून ठेवा.

अरुंद रस्त्यावरची रीत

गाडी डावीकडून चालते, त्यामुळे आपल्या माणसाला निम्मी भीती नसतेच. धोका वेगळा आहे. या बारीक रस्त्यांवरही सहसा ताशी ६० मैलांचीच वेगमर्यादा लागू असते आणि दोन्ही बाजूंना उंच कुंपण असतं. काही जण खरोखर त्या वेगाने येतात. आपल्याला डावीकडे कडेला चिकटून चालवायची सवय असते, इथे ती धोक्याची. कडेला चिकटलेला सायकलस्वार वळणावर समोरून दिसत नाही आणि मागच्याला वाटतं, घुसता येईल. २०२२ च्या जानेवारीअखेर ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमपुस्तकात, हे स्पष्टच लिहिलं गेलं: शांत रस्त्यावर आणि अरुंद जागी सायकलस्वाराने लेनच्या मध्यातून जावं, आणि मागे टाकणाऱ्या गाडीने ३० मैल वेगापर्यंत निदान दीड मीटर अंतर ठेवावं. मध्यातून जा, मागे गाडी साठली तर रुंद जागी थांबून तिला वाट द्या आणि हात वर करा. गाडीवालाही हात वर करतो. या देवाणघेवाणीवर इथला रस्ता चालतो.

घोडे पुष्कळ भेटतील. मागून गपचूप येणारी सायकल घोड्याला शिकारी प्राण्यासारखी वाटते आणि तो बिथरतो. लांबूनच मोठ्याने ‘हॅलो’ म्हणा, वेग चालण्याइतका आणा, स्वार हो म्हणाला की उजवीकडून भरपूर अंतर ठेवून पुढे जा. घोड्याच्या डाव्या बाजूने कधीही नाही. रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी लागेल, गुरं बाहेर पडू नयेत म्हणून. तिच्यावरून सरळ जायचं, ब्रेक नाही, वळण नाही. ओली असेल तर उतरून चालत जा, त्यात कमीपणा नाही.

शेतातून जाणाऱ्या ‘फुटपाथ’ लिहिलेल्या पायवाटांवर सायकल नेता येत नाही, ‘ब्रायडलवे’वर नेता येते. पण रोड बाइकला ती वाट मानवणार नाही. हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, तरी घाला. अंधार पडल्यावर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा मात्र कायद्यानेच हवा.

फेरी

एकूण सत्तर किलोमीटरच्या आसपास, चढ सगळा मिळून हजार मीटरच्या घरात. सपाटीवर ताशी बावीस-तेवीसने जाणाऱ्याने इथे सोळा-सतरा धरावेत. थांबे धरून सहा-सात तास मोकळे ठेवा. फेरी घड्याळाच्या उलट दिशेने आहे, आणि त्याला कारण वारा. इंग्लंडमध्ये वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. सकाळी पाय ताजे असताना त्याच्याशी झुंजायचं आणि शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर त्याला पाठीशी घेऊन यायचं. अंदाजात वारा ईशान्येचा दाखवला असेल तर हीच फेरी उलटी करा.

मॉर्टनहून बॅट्सफर्डच्या बाजूचा छोटा रस्ता धरून ड्रेकॉटमार्गे ब्लॉकली. हे पहिले पाच-सहा किलोमीटर अंग गरम करण्यासाठी. ब्लॉकली उतारावर वसलेलं गाव. इथल्या ओढ्यावर रेशीम पिळण्याच्या गिरण्या चालत आणि इथलं रेशीम कॉव्हेंट्रीच्या रिबिनींसाठी जाई. गावातून बाहेर पडताना पहिला खरा चढ लागतो. त्यावर जोर लावू नका, दिवस लांब आहे.

ब्रॉड कॅम्डनवरून चिपिंग कॅम्डन. ‘चिपिंग’ म्हणजे बाजार, आपल्या बाजारपेठेच्या गावांसारखंच नाव. या सगळ्या मुलखाला पैसा मिळाला तो मेंढरांच्या लोकरीतून. इथल्या सेंट जेम्स चर्चमध्ये विल्यम ग्रेव्हेलचा १४०१ चा पितळी पत्रा आहे, त्यावर त्याला सगळ्या इंग्लंडमधल्या लोकर-व्यापाऱ्यांचं फूल म्हटलं आहे. मुख्य रस्त्यावर कमानींचा बाजार-मंडप आहे, बॅप्टिस्ट हिक्सने १६२७ मध्ये बांधलेला. तिथे लोणी, चीज, कोंबड्या विकत. खालची फरसबंदी इतकी झिजली आहे की क्लीटच्या, म्हणजे पेडलला अडकणाऱ्या तळाच्या, बुटांनी चालताना जपावं लागतं. बाटल्या इथे भरून घ्या.

गावाच्या वर दीड-दोन किलोमीटरवर डोव्हर्स हिल. इथून पुढे जमीनच संपते. समोर एकदम ईव्हशमचं खोरं, त्यापलीकडे मॅल्व्हर्नच्या टेकड्या. राजमाचीच्या टोकावरून कोकणात पाहावं तसं, फक्त खाली ढगांऐवजी फळबागा. रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलाने १६१२ च्या सुमारास इथे खेळ सुरू केले. त्यांना ‘ऑलिम्पिक’ म्हणतात आणि आजही ते इथे भरतात.

फेरीतला निर्णय घ्यायची जागा हीच. पायांत जोर असेल तर कडा उतरून वेस्टन-सब-एजला जा. गावाच्या नावातच ‘कड्याखालचं’ आहे. उतार तीव्र आहे, हात ब्रेकवर ठेवूनच उतरायचा. मग विलर्सीवरून बी ४६३२ ने ब्रॉडवे, हा पट्टा अगदी सपाट. ब्रॉडवेहून स्नोजहिलचा रस्ता कडा परत चढतो. पण हा कड्याचा सगळ्यात समजूतदार रस्ता आहे. जुन्या चर्चजवळून दरीच्या बाजूने चार-पाच किलोमीटर तो हळूहळू वर नेतो आणि फक्त स्नोजहिल गावाशी येऊन उभा राहतो. दिवसाचा एकमेव लांब चढ हाच, आणि तो बाराच्या आत व्हायला हवा. इथे बसून, हलका गिअर लावून, श्वास मोजत चढा. घाटाची सवय इथे कामी येते.

पाय दमले असतील, किंवा सोबत नवखं कुणी असेल, तर डोव्हर्स हिलवरून खाली उतरूच नका. माथ्या-माथ्याने ब्रॉडवे टॉवरकडे जा. वाटेत ए ४४ ओलांडावा लागतो, तेवढं सांभाळून. टॉवर ३१२ मीटरवर आहे, १७९८-९९ मध्ये जेम्स वायटच्या आराखड्यावर निव्वळ हौसेसाठी बांधलेला. तिथून स्नोजहिलला माथ्यानेच पोचता येतं. यात कमी काही पदरात पडत नाही, उलट वारा आणि क्षितिज दोन्ही जास्त.

जूनअखेर ते जुलैत स्नोजहिलच्या वरच्या शेतांत लॅव्हेंडर फुललेला असतो. त्या दिवसांत या पट्ट्यात मोटारी वाढतात. गावातलं स्नोजहिल मॅनर हे जुनं घर आता वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे. चार्ल्स वेड या माणसाने जमवलेल्या हजारो वस्तू तिथे आहेत, जपानी सामुराईंची चिलखतं आणि जुन्या काळच्या सायकलीसुद्धा. ते बघायला एक वेगळा दिवस काढा, घामेजल्या कपड्यांनी घाईत बघण्याचं ते घर नाही.

आता आपण ‘घाटमाथ्यावर’ आहोत आणि पुढचे वीसेक किलोमीटर या फेरीचा जीव आहे. स्नोजहिलहून टॅडिंग्टन, कट्सडीन, फोर्ड. इथे विंडरश नदी म्हणजे उडी मारून ओलांडता येईल असा ओढा. तिच्या बाजूने टेंपल गायटिंग आणि मग गायटिंग पॉवर. पहिल्या नावातलं ‘टेंपल’ देवळाचं नाही, टेंप्लर नाइट्स या मध्ययुगातल्या लढवय्या धर्मपंथाचं. नदी ज्या दिशेला चालली आहे त्या दिशेला आपणही चाललो आहोत, म्हणून चढ-उतार असूनही शरीर आपोआप पुढे सरकतं. दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय नुसते दगड रचून घातलेली कुंपणं. आपल्या कोकणातले गडगेच, फक्त जांभ्याऐवजी चुनखडक. वरच्या थरात दगड उभे लावतात, म्हणजे मेंढरू उडी मारायला धजत नाही. कुठे गडगा ढासळलेला दिसला तर थांबून त्याचा छेद बघा. बाहेरून मोठे दगड, आत खडीची भरती, मधूनमधून आरपार गेलेला लांब दगड. सिमेंटचा कण नाही आणि कितीतरी गडगे शंभर-दीडशे वर्षं उभे आहेत.

जेवण गायटिंग पॉवरमध्ये करा. पबचं स्वयंपाकघर बरेचदा दोन-अडीचला बंद होतं, तेव्हा त्याआधी पोचायला हवं. जेवण म्हणजे तुडुंब नव्हे, पुढे नॉन्टनचा चढ आहे. मी सोबत शेंगदाण्याची चिक्की आणि मेथांब्याच्या गुंडाळलेल्या दोन पोळ्या ठेवतो. चिक्की दर पाऊण तासाला एक तुकडा, भूक लागण्याची वाट न बघता. भूक लागल्यावर खाल्लेलं अन्न त्या चढाला उपयोगी पडत नाही, त्याच्या पुढच्या चढाला पडतं.

नॉन्टन विंडरशच्या दरीत लांबट पसरलेलं गाव आहे. बाहेर पडायला दरी चढावी लागते, आपला नियम इथे एकदा मोडतो. चढ छोटा पण खडा. वर बी ४०६८ लागतो, त्यावरून थोडं जाऊन अप्पर स्लॉटरचा फाटा. नाव ऐकून कत्तल डोळ्यांपुढे येते, पण ‘स्लॉटर’ हा जुन्या इंग्रजीतल्या चिखलाच्या जागेच्या शब्दावरून आलेला आहे. उलट अप्पर स्लॉटरची कथा अगदी दुसरी: पहिल्या महायुद्धाला गेलेले गावचे सगळे लोक जिवंत परत आले आणि दुसऱ्यालाही गेलेले परत आले. इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक गावात युद्धातल्या मृतांचं स्मारक असतं. इथल्या हॉलमध्ये परत आलेल्यांच्या नावांची पाटी आहे. गावाच्या तळाशी ओढा रस्त्यावरून वाहतो. त्यातून सायकल घालू नका, तळाला शेवाळ असतं. शेजारी पायपूल आहे.

लोअर स्लॉटर मैलभर खाली आहे, जुनी पाणचक्की आणि लाल विटांची चिमणी बघून परत या. बोर्टनला मात्र मी वळत नाही.

लोअर स्वेलवरून स्टो-ऑन-द-वोल्डचा चढ. स्टो साधारण २४० मीटरवर उघड्या माथ्यावर आहे आणि वारा तिथे खरोखरच थांबत नाही. चौकात चहा घ्या, सेंट एडवर्ड चर्चचं उत्तरेचं दार बघा. दोन्ही बाजूंना यूचे जुने वृक्ष असे वाढले आहेत की दार त्यांच्यातूनच कोरलंय असं वाटतं. घड्याळही बघा. गाडीला दीड तासच उरला असेल तर इथून ब्रॉडवेल, ईव्हनलोड करत छोट्या रस्त्यांनी मॉर्टनला निघा. अंतर थोडं आणि बहुतेक उतार.

वेळ असेल तर डेल्सफर्ड चुकवू नका. मराठी माणसाने तर नाहीच. स्टोहून ए ४३६ वर थोडं उतरून ओडिंग्टन गावांच्या आतल्या रस्त्याने डेल्सफर्डला येता येतं. झाडीत एक छोटं चर्च आहे. त्याच्या आवारात कलशाचं एक साधं स्मारक, आणि त्याखाली वॉरन हेस्टिंग्ज. वडगावचा १७७९ चा तह कलकत्त्यात बसून नाकारणारा, आणि शेवटी १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह करणारा हाच तो गव्हर्नर जनरल. डेल्सफर्ड ही त्याच्या पूर्वजांची, हातातून गेलेली जहागीर. ती त्याने हिंदुस्थानातून परतल्यावर १७८८ मध्ये परत विकत घेतली, त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये त्याच्यावरचा खटला सुरू झाला आणि तो सात वर्षं चालला. सुटला, आणि इथेच १८१८ च्या ऑगस्टमध्ये वारला. पुण्यात पेशवाई संपली तेच वर्ष. मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग नव्हता. साठेक किलोमीटर पेडल मारून आपल्याच इतिहासाच्या पुस्तकातल्या एका पानापाशी येऊन पोचलो होतो आणि आजूबाजूला कुणीही नव्हतं.

हेस्टिंग्जचं डेल्सफर्डचं घर बांधणारा वास्तुविशारद सॅम्युअल पेपिस कॉकरेल. त्यानेच आपला भाऊ चार्ल्स याच्यासाठी १८०५ च्या सुमारास मॉर्टनजवळ सेझिनकोट बांधलं: कॉट्सवोल्डच्या कुरणात हिरवट तांब्याचा घुमट, मुघली छज्जे आणि कमानी. त्याच्या बागेत हात होता चित्रकार थॉमस डॅनियलचा, ज्याने सवाई माधवरावांच्या शनिवारवाड्यातल्या दरबारात इंग्रजांचा वकील मॅलेट याने केलेला १७९० चा तह रंगवला. ते चित्र आज लंडनच्या टेटमध्ये आहे. सेझिनकोट ठरावीक महिन्यांत, ठरावीक दुपारीच उघडं असतं, तेव्हा आधी वेळ बघून ठेवा. बंद असलं तरी लाँगबरोहून बोर्टन-ऑन-द-हिलकडे जाणारी पायवाट त्याच्या कुरणातून जाते. सायकल गावात कुलूप लावून ठेवायची आणि वीस-पंचवीस मिनिटं चालायचं.

डेल्सफर्डहून ॲडलस्ट्रॉप, तिथून ईव्हनलोड नदीच्या खोऱ्याने ईव्हनलोड गाव आणि मॉर्टन. शेवटचे अकरा-बारा किलोमीटर. आता टिंबं नाहीत, बाण नाहीत आणि वारा पाठीशी. त्राण अगदीच गेलं असेल किंवा काही मोडलं असेल तर डेल्सफर्डहून किंगम स्टेशन जवळ आहे. मॉर्टनहून लंडनकडे निघालेली गाडी तिथेही थांबते, पण सायकलची जागा मॉर्टनपासून राखलेली असेल तर गाडीच्या सेवकाला आधी सांगा.

मॉर्टनला गाडीच्या वीस मिनिटं आधी पोचा. चाकांना लागलेला चिखल प्लॅटफॉर्मवरच झटका, नाहीतर हुकला टांगल्यावर तो शेजारच्या सायकलवर पडतो. सायकलचं चिन्ह असलेलं दार कुठे येईल ते सेवकाला विचारून तिथेच उभे राहा. गाडी थोडाच वेळ थांबते आणि दमलेल्या हातांनी सायकल उचलून टांगायला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.